चौदा नंबरची शेवटची सीट

नेल्डा क्रॅमर बस तपासायला मागे गेली की मी कॉफीचा दुसरा कप भरून घ्यायचे. ती लवकर परतणार नाही हे आमच्या यार्डात सगळ्यांना ठाऊक होतं. शाळेची बस चालवणाऱ्याला एक नियम असतो. फेरी संपली, इंजिन बंद केलं, की उठून शेवटच्या सीटपर्यंत चालत जायचं, प्रत्येक सीटवर आणि सीटखाली बघायचं, आणि मागच्या काचेत ‘बस रिकामी आहे’ ही पाटी लटकवायची. एखादं पोर आत झोपून राहू नये, एवढ्यासाठी. आम्ही हे एकदा करतो. नेल्डा आठ-नऊ वेळा करायची.

पाटी लावून उतरायची, दहा पावलं चालायची आणि मागे फिरायची. कधी घरी जाऊन गॅसवर सूप चढवायची, आणि तो बंद करून पुन्हा गाडी काढून यार्डात यायची.

“अगं बाई, आता काय सीट उसवून बघतेस?” मी ओरडायचे.

“तू तुझी कॉफी ढोस, ओपल.”

तिचा नवरा केव्हाच निघून गेला होता. मूलबाळ नव्हतं. चौदा नंबरची बस सत्तावीस वर्षं तिच्याकडे होती आणि तिचं म्हणावं असं तेवढंच होतं. त्या हिवाळ्यात तपासण्या इतक्या वाढल्या की दुपारच्या फेरीला ती उशिरा पोचू लागली. शाळेबाहेर बर्फात पोरं वीस-वीस मिनिटं उभी. आईबापांचे फोन आले. मग यार्डाचा साहेब लायल, त्याने तिला आत बोलावलं. मी तिथेच फेऱ्यांचे कागद लावत होते.

“नेल्डा, मी तुला काढत नाहीये. पण कुणा डोक्याच्या डॉक्टरकडे जाऊन ये. ईस्टरपर्यंत हे थांबलं नाही तर किल्ल्या टेबलावर ठेव.”

“तूच जा की. तुझं टक्कल तरी दाखवून ये.”

असं म्हणाली खरी, पण गेली. किल्ल्या गेल्या तर आपण उरतो किती, हे तिला आमच्यापेक्षा चांगलं कळत होतं.

तिला मिळाल्या त्या थिबोडो बाई. दुसऱ्या एका गावात बियाण्यांच्या दुकानावर त्यांच्या दोन खोल्या होत्या. त्यांची रीत अशी की माणूस आतून एकटा नसतो, आत बरेच जण राहतात. मोठा घाव बसला की एक जण त्याच वयाचा होऊन तिथेच अडकतो, आणि त्याचं रडणं बाहेर ऐकू येऊ नये म्हणून बाकीचे कामाला लागतात. कुणी पहारा देतो, कुणी टोचून बोलतो, कुणी दारू पाजतो. त्यांच्यावर चिडायचं नाही, त्यांच्याशी बोलायचं. मला हे सगळं थोतांड वाटलं आणि मी तसं बोलूनही दाखवलं.

“मला विचारतात, परत मागे जा असं कोण सांगतंय? कुठे जाणवतं?” नेल्डा सांगत होती. “म्हटलं, मानेत. तर म्हणाल्या, तिला विचारा, किती दिवस हे काम करतेय. ओपल, तीस मैल गाडी हाणून मी स्वतःच्या मानेची चौकशी करायला जाते!”

आम्ही दोघी पोट धरून हसलो. “मग? काय म्हणाली मान?”

नेल्डाचं हसू थांबलं. “म्हणाली, पन्नास वर्षं झोपलेली नाही.”

पन्नास वर्षं कुठून आली ते मला माहीत होतं. गावातल्या जुन्या माणसांना सगळ्यांनाच माहीत होतं. नेल्डा सहा वर्षांची असताना जानेवारीत तिचा बाप दोन पोरांना गाडीच्या मागच्या सीटवर ठेवून दारूच्या गुत्त्यात शिरला. “धाकट्यावर लक्ष ठेव,” एवढं तिला सांगून गेला. धाकटा ड्वेन तीन वर्षांचा. बाप कित्येक तासांनी बाहेर आला. नेल्डाला झोप लागली होती. ड्वेन थंडीने गारठून मेला होता. आमच्याकडे अशा गोष्टी बोलत नाहीत, मृताच्या घरी भांडंभर जेवण पोचवतात आणि गप्प बसतात. मी तिची पंचवीस वर्षांची मैत्रीण, मीही कधी विचारलं नाही. त्याची मला लाज वाटते.

थिबोडो बाईंनी तिला बजावलं होतं, की कुणाला हाकलायचं नाही. आतून सारखं मागे पाठवणाऱ्या त्या तपासणारीला विचारायचं, तू थांबलीस तर काय होईल असं तुला वाटतं? पण ईस्टर दोन आठवड्यांवर आला होता, आणि नेल्डा हाडाची ड्रायव्हर. एका सकाळी ती चेहरा धुऊन काढल्यासारखी हलकी होऊन आली.

“मी तिला उतरवलं.”

“कुणाला?”

“तपासणारीला. काल स्वयंपाकघरात डोळे मिटून बसले. दार उघडलं आणि म्हटलं, बाई, तुझा स्टॉप आला. आभारी आहे. उतर.”

“बाईंनी असं करायला सांगितलं?”

“हाकलू नको म्हणाल्या. मी कुठे हाकललं? तिच्या स्टॉपवर सोडलं. सत्तावीस वर्षं दुसरं काय करतेय मी?”

मी तिच्या पाठीवर थाप मारली. झकास केलंस म्हणाले. हो, मीच म्हणाले.

सकाळच्या फेरीहून आल्यावर ती उठली, बसमधून सरळ मागे गेली, पाटी लटकवली आणि खाली उतरली. डावीकडे बघितलं नाही, उजवीकडे बघितलं नाही. माझ्याशेजारी बसून अख्खा कप कॉफी प्यायली. लायलच्या टकलावर दोन विनोद केले. इतक्या वर्षांत मी तिला असं निवांत बसलेलं पाहिलं नव्हतं. मला फार बरं वाटलं.

पाऊण तासाने मी माझी बस गरम करायला बाहेर गेले. चौदा नंबरच्या मागच्या काचेवर, पाटीच्या खाली, एक लाल हातमोजा आपटत होता.

केन्झी नाव होतं तिचं, पाच वर्षांची. शेवटच्या सीटवर झोपून गेली होती. कपडे ओले, ओठ निळसर, रडून रडून आवाज बसलेला. तिला काही झालं नाही, ब्लँकेटात गुंडाळून आम्ही गरम चॉकलेट पाजलं, आई येऊन घेऊन गेली. पण नियम तो नियम. लायलच्या जागी मी असते तरी तेच केलं असतं. त्याने तोंड उघडायच्या आत नेल्डाने किल्ल्या टेबलावर ठेवल्या होत्या.

“मला झोप लागली,” ती म्हणाली. पुन्हा म्हणाली, “मला झोप लागली.”

लायल माझ्याकडे बघू लागला. तिला कुठे झोप लागली होती, असं त्याच्या चेहऱ्यावर होतं.

पुढचा महिनाभर तिच्या घराचे पडदे उघडले नाहीत. मी दारात नूडल्स-चिकनचं भांडं ठेवायचे, दुसऱ्या दिवशी तसंच उचलून आणायचे. मे महिन्यात एकदा ती पायरीवर बसलेली दिसली. हातपाय काटक्यांसारखे झाले होते.

“पुन्हा जातेय बाईंकडे,” ती म्हणाली. “त्या तपासणारीची माफी मागितली. किती दिवस जवळच येईना. मग विचारलं, जे आधी विचारायला हवं होतं, तुला कसली भीती वाटते? म्हणाली, मी थांबले तर मागे कुणी बघणार नाही. म्हटलं, मागे आहे कोण? तर तिने दाखवलं.”

“कोण होतं?”

“मी. सहा वर्षांची. अजून त्या गाडीत बसलीय, ओपल. सगळे ड्वेनला घेऊन धावले. मला कुणी बाहेर काढलंच नाही.”

मला रडू आलं. तिला आलं नाही.

जूनमध्ये शाळेला सुट्टी लागली. चौदा नंबर नव्या ड्रायव्हरला जायची होती. नेल्डा यार्डाच्या फाटकाशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, मला एकदा आत जाऊ दे. तिला परवानगी नव्हती. लायलने तिच्याकडे बघितलं, मग घड्याळाकडे. “मी जेवायला चाललोय,” तो म्हणाला. सकाळचे साडेदहा वाजले होते.

मी बसचं दार उघडलं. “तपासणारीला विचारलंस ना या खेपेला?” मी थट्टेने विचारलं.

“विचारलं. ती दाराशी थांबते म्हणाली.”

मी जरा बाजूला सरकून उभी राहिले. नेल्डा मागे गेली आणि शेवटच्या सीटवर, खिडकीकडची जागा सोडून बसली. हळू आवाजात काहीतरी बोलत होती. मला शब्द कळले नाहीत. मग ती उठली. येताना मधल्या वाटेच्या एका कडेने चालत होती, दुसरी कडा मोकळी ठेवून. पायऱ्या तिने एकेक करून उतरल्या, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत. खाली उभी राहिली, वळली, आणि दाराकडे हात पुढे केला.

“आणि ड्वेन?” मी विचारलं.

“तो नाही गं,” ती म्हणाली. “तो गेला.”

तिने बस पुन्हा कधी चालवली नाही. त्या दिवशी तिने आपल्या गाडीचं पुढचं, ड्रायव्हरशेजारचं दार उघडलं, एखादं पोर चढून बसेल इतकं थांबून ते हलकेच लावलं, मग पलीकडून बसून निघून गेली. मी चौदा नंबरमध्ये चढले, एकेक सीट बघत, सीटखाली वाकत मागपर्यंत गेले, आणि पाटी लटकवली.