तात्यांचा हात चुकला नव्हता

आज सकाळी आमच्या कॉलनीत नुकत्याच वारलेल्या एका गायकाच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. साउंड माझा होता. त्यांच्या भीमगीतांना आयुष्यभर ढोलकीची साथ दिलेले तात्या आज त्यांच्यासाठी वाजवणार होते.

मी वायर ओढायचा कंटाळा केला. ढोलकीचा माइक ब्लूटूथ स्पीकरला जोडला. थाप आधी पडायची आणि स्पीकरमधून आवाज जरा उशिरा यायचा. तात्या त्या आवाजाला धरायला गेले, ठेका मागे पडला, कोरस विस्कटला.

पुढे बसलेला एक जण मोठ्याने म्हणाला, "तात्या, राहू द्या. वय झालं आता."

तात्यांनी ढोलकी बाजूला सरकवली. मला हळूच म्हणाले, "हात गेला रे माझा. आजच जायचा होता."

ठेका का चुकला, ते मला तेव्हाच कळलं होतं. वायर गाडीतच होती. पण भरल्या मंडपात माझी चूक आहे म्हणायला तोंड उघडलं नाही.

संध्याकाळी तात्यांच्या घरी जाऊन खरं काय ते सांगितलं. तात्या म्हणाले, "असेल बाबा मशीनचं. पण लोकांनी माझाच हात पाहिला ना."

त्यांना वाटतं, मी समजूत काढतोय. ढोलकी त्यांनी विहारात देऊन टाकलीय.

कॉलनीकरांनो, मंडपात होतात ना तुम्ही? मग तुम्ही तरी सांगाल का त्यांना?