घाटाचं पिनियन

प्रभाकर गेल्याचं पोस्टकार्ड नागपूरहून मला तिसऱ्या दिवशी मिळालं. त्याच्या थोरल्या भावानं लिहिलेलं. अक्षर सुबक, मजकूर चार ओळींचा, आणि सहीच्या खाली उरलेल्या जागेत बारीक अक्षरांत, ‘गाडीचे काय ते पाहावे.’ पुढच्या आठवड्यात बुलढाण्याच्या कोर्टात वकिलांच्या बार रूममध्ये शोकसभा झाली. माझा मित्र ‘वेगाचा उपासक’ होता, असं तिथे चार वक्त्यांनी सांगितलं. सर्वांत गहिवरून सांगणारे गृहस्थ त्याच्या गाडीत कधी बसलेले नव्हते. प्रभाकर ताशी पस्तीस मैलांच्या वर सहसा जात नसे. मलाही बोलण्याचा आग्रह झाला, पण मला जे सांगायचं होतं ते हार घातलेल्या फोटोसमोर सांगण्यासारखं नव्हतं. आता सहा आठवडे झाले आहेत...

गाडी इंग्लिश होती. दोन माणसांची, उघडी, बुटकी, हिरवी. खामगावच्या एका कापसाच्या प्रेसचा गोरा मॅनेजर मायदेशी परतताना ती विकून गेला आणि प्रभाकरनं घेतली. तरुण वकिलानं अशी गाडी घ्यावी हे बुलढाण्याला फारसं रुचलं नाही. पुढे त्याच गावाला तिचा अभिमान वाटू लागला. घाटाखाली त्याचं शेत होतं. दर रविवारी आम्ही दोघं तिथे जायचो आणि उन्हं कलायच्या आत वर यायचो. मी शाळामास्तर, मला गाडी येत नाही. माझं काम शेजारी बसण्याचं.

महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील, तेव्हा त्याचा डावा पाय सुकायला लागला. नागपूरच्या डॉक्टरांनी आजाराला एक लांबलचक नाव दिलं आणि औषध मात्र दिलं नाही. प्रभाकर एकटा राहणारा. लग्न केलं नव्हतं. भाऊ येऊन बजावून गेला, “तुझी गाडी तू चालवतोस तोवर राहा इथे. ज्या दिवशी ती सुटेल, त्या दिवशी मी तुला घेऊन जाणार.” भाऊ वाईट नव्हता. पण भावाच्या घरची मागची खोली प्रभाकरनं पाहिली होती. तेव्हापासून त्याचं बुलढाण्यातलं घर, त्याची वकिली, त्याची संध्याकाळ, सगळं त्या डाव्या पायाच्या क्लचवर येऊन थांबलं.

जुन्या गिअरबॉक्सची तऱ्हा अशी की चढावर खालचा गिअर टाकायचा तर क्लच दोनदा दाबावा लागे. नाहीतर आतली चाकं करकरून भांडत. शिवाय दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरमध्ये इतकं अंतर की घाटात तिसऱ्यात गाडी गुदमरे आणि दुसऱ्यात किंचाळे. म्हणजे प्रत्येक वळणाला अदलाबदल, आणि प्रत्येक अदलाबदलीला पायाची परीक्षा. चिखलीचे गवई मिस्त्री लढाईच्या काळात लष्कराच्या वर्कशॉपमध्ये होते. ते म्हणाले, “वकीलसाहेब, गाडी घाटाले भेत नाही. तिचा डब्बा बदला.” त्याच कंपनीच्या पुढच्या एका मॉडेलचा गिअरबॉक्स मुंबईहून आला. त्यात गिअर जवळजवळचे, आणि एकदाच क्लच दाबला की बिनबोभाट पडणारे. मिस्त्रींनी गाडीची तळपाटी कापली, बसवणीसाठी नवी पट्टी घडवली, मागे जाणारा लांब दांडा दोन इंचांनी आखूड केला. वीस दिवस गाडी चिखलीला होती आणि प्रभाकर रोज एसटीनं जाऊन तिच्याजवळ स्टुलावर बसत होता.

राहिला होता मागच्या आक्सातलं पिनियन, म्हणजे इंजिनाचा जोर मागच्या चाकांकडे वळवणारं छोटं दातेरी चाक, बदलण्याचा प्रश्न. जुनं झिजलं होतं. नवी दोन तऱ्हेची मिळत. मिस्त्रींच्या भाषेत एक घाटाचं, एक सपाटीचं. घाटाचं घेतलं तर गाडी तिसऱ्या गिअरमध्येच वर येईल, पण सपाटीवर इंजिन ओरडत राहील आणि लांबचा प्रवास नको होईल. सपाटीचं घेतलं तर नागपूरपर्यंत गाडी मजेत जाईल, पण घाटात वरचेवर दुसरा गिअर मागेल. परदेशी सुट्या भागांची तेव्हा मारामार होती. मुंबईच्या व्यापाऱ्यानं कळवलं, एकच सांगा, बदलून मिळणार नाही. प्रभाकरला सपाटीचं हवं होतं. स्वतः गाडी चालवत नागपूरला भावाच्या दारात उतरायचं, असं त्याच्या मनात होतं. पण तो वकील होता, पुराव्याशिवाय ठरवणारा नव्हता. त्यानं ठरवलं की नव्या गिअरबॉक्सवर, जुन्याच पिनियनवर एकदा घाट चढायचा आणि क्लच किती वेळा दाबावा लागतो ते मोजायचं. पंचविसाच्या वर गेलं तर घाटाचं, खाली राहिलं तर सपाटीचं. मोजणार मी.

मी मोजले. एकोणतीस झाले. शेवटच्या दोन वळणांवर तो डावा हात गिअरवरून उचलून स्वतःचा गुडघा खाली दाबत होता. वर आल्यावर त्यानं गाडी कडेला लावली. सदरा पाठीला चिकटला होता. निकालाच्या दिवशी माझ्या वर्गातली मुलं बघतात तसं त्यानं माझ्याकडे बघितलं.

“काऊन बे मास्तर, किती?”

“एकोणीस.”

“खरं सांगून राह्यला न?”

“म्हणजे? मी काय शाळेत खोटे मार्क देतो?”

तो हसला. किती तरी महिन्यांनी असा मोकळा हसला. मला वाटलं, दहा आकड्यांनी असं काय बिघडतं...

गवई मिस्त्रींना मात्र पटलं नाही. “साहेब, घाटाचं घ्या. एकोणीस का असेनात. घाट हाये तेवढाच राहीन, पाय नाही राहणार.”

“मिस्त्री, मास्तरनं मोजलंय. मास्तर माणूस खोटं मोजत नाही.”

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. तेव्हा तोंड उघडता आलं असतं. मी चहाचा कप उचलला.

सपाटीचं पिनियन बसलं. चिखलीच्या रस्त्यावर गाडी खरोखर सुरेख पळाली. पुढच्या रविवारी आम्ही शेतावर गेलो आणि परतताना घाटाच्या मध्यावर, एका वळणावर, तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन अडखळायला लागलं. दुसरा टाकायला हवा होता. पाय खाली गेलाच नाही. त्यानं हातानं गुडघा दाबला, तरी नाही. इंजिन बंद पडलं, गाडी हळूहळू मागे सरकत जाऊन दगडी कठड्याला टेकली. मागून एसटी आली. उतारू उतरले. “वकीलसाहेब, मोटर हाये का बकरी? ब्रेकवरचा पाय काढा न!” असं म्हणत चांगल्या मनानं हसत त्यांनी गाडी कडेला ढकलली. मग त्यांच्या लक्षात आलं. दोघांनी बगलेत हात घालून त्याला एसटीत चढवलं, आणि त्यानंतर घाट संपेपर्यंत त्या गाडीत कोणीही हसलं नाही.

पंधरा दिवसांत भाऊ आला. पुढची चार वर्षं प्रभाकर नागपूरच्या त्या मागच्या खोलीत होता. मी दोनदा भेटायला गेलो. दोन्ही वेळा सांगायचं ठरवून गेलो. दुसऱ्या वेळी त्यानंच विषय काढला. “माझाच हिशोब चुकला बे,” तो म्हणाला. “तू तर बरोबर मोजलं होतं. मीच पिनियन चुकीचं घेतलं.” वहिनी चहा घेऊन आल्या. मी पावसापाण्याचं बोललो.

गेल्या रविवारी अकोल्याहून एक तरुण डॉक्टर गाडी बघायला आले. गवई मिस्त्रींनी ती चालती करून ठेवली होती. डॉक्टर चिखली रस्त्यानं फेरी मारून आले आणि खूश झाले. “गिअर काय निवडलेत हो! मालक फार हिशेबी असले पाहिजेत.” मग त्यांनी विचारलं, “घाटात कशी चढते?”

मिस्त्री हात पुसत दुसरीकडे बघत राहिले.

“जुन्या पिनियनवर एकोणतीस वेळा क्लच दाबावा लागला होता,” मी म्हणालो. “याच्यावर त्याहून जास्त लागेल.”

“एकोणतीस? त्यात काय, मास्तर!” डॉक्टर म्हणाले, आणि बोलता बोलता त्यांनी डाव्या पायानं क्लच दाबला. पेडल अलगद तळापर्यंत गेलं.