आमच्या बिल्डिंगमधले दोन-अडीच वर्षांचे वाचक

मुलं वाचायला लागली की घरात पुस्तकं साठतात. आमच्याकडे मुलांनी वाचावं म्हणून आई-बापांनी जे उद्योग केले, त्यांचे किस्सेच पुस्तकांपेक्षा जास्त साठलेत. बंगळुरूच्या जयनगरमधल्या आमच्या बिल्डिंगमध्ये लहान मुलं असलेली मराठी घरं तीन. पुण्याचे कौस्तुभ-मृणाल, नागपूरचा निखिल आणि आम्ही. तिन्ही घरांत आयटी, तिन्ही घरांत एकुलतं एक मूल आणि तिन्ही घरांना धास्तीही एकच. शेजारचं आधी वाचायला लागलं तर?

*

सुरुवात कौस्तुभने केली. त्याचा विहान तेव्हा जेमतेम दोन वर्षांचा. मुलाच्या डोळ्यांसमोर सतत शब्द पाहिजेत, असं कौस्तुभने कुठेतरी ऐकलं आणि एका शनिवारी घरभर चिठ्ठ्या चिकटवल्या. दारावर 'दार', पंख्याच्या बटणावर 'पंखा', फ्रिजवर 'फ्रिज'. त्याच्या सासूबाई पाहुण्या आल्या होत्या, त्या बसल्या जागेवरून उठेनात. उठलं तर आपल्यालाही चिकटवतील असं त्यांना वाटत होतं.

महिन्याभरात विहान प्रत्येक चिठ्ठीवर बोट ठेवून बरोबर शब्द सांगायला लागला. कौस्तुभने आम्हाला मुद्दाम बोलावून दाखवलं. निखिलचा चेहरा पडला. तो म्हणाला, "आता चिठ्ठ्या बदलून बघ."

कौस्तुभने फ्रिजवर 'पंखा' लावलं. विहानने बोट ठेवलं आणि ठणकावून म्हणाला, "फ्रिज."

कौस्तुभ खालीच बसला. मृणाल स्वयंपाकघरातून शांतपणे म्हणाली, "बरोबर आहे की त्याचं. फ्रिजच आहे तो."

*

निखिल प्रोजेक्ट मॅनेजर. त्याचं म्हणणं, कौस्तुभचं चुकलं ते प्रोसेसमध्ये. त्याने आपल्या इराबरोबर रोज सकाळी ऑफिसातल्यासारखी उभ्या-उभ्या स्टँड-अप मीटिंग सुरू केली. इरा दोन वर्षांची, हातात बिस्किट, समोर बाबा शब्दांची कार्डं घेऊन उभा. आधी कालचा आढावा, मग आजची कार्डं, शेवटी अडचणी.

एकदा मी साखर मागायला गेले तेव्हा मीटिंग चालू होती.

"इरा, काल काय केलं आपण?"

"शी."

"आणि आज काय करायचंय?"

"शी."

निखिलने माझ्याकडे बघून घसा साफ केला. "बरं. काही अडचण?"

इराने बिस्किट खाता खाता नीट विचार केला आणि म्हणाली, "बाबा."

*

मी या दोघांना हसत होते, पण माझं वेगळं खूळ होतं. आमच्या शर्वरीने आधी मराठीच वाचायचं. बंगळुरूत राहून मराठी टिकवायची म्हणजे आपणच टिकवायची, असं मी चारचौघांत ऐकवायचे. त्यामुळे ती काहीही दाखवून "हे काय?" म्हणाली की मी नाव सांगून थांबत नसे, अक्षरंही फोडून सांगायचे.

एकदा गेटपाशी तिने विचारलं, "आई, हे काय?"

मी उकिडवी बसले. "मुंगी. म ला उकार मु, त्यावर अनुस्वार मुं, मग ग ला..."

तळमजल्यावरच्या सुनंदाअक्का कट्ट्यावर बसून बघत होत्या. मूळच्या बेळगावच्या, इथे उभा जन्म गेलेला. त्या म्हणाल्या, "स्वल्प थांब गं. तुझी दीर्घ वेलांटी येईपर्यंत मुंगी घरी गेली की."

शर्वरी मुंगी शोधत अक्कांपाशी गेली. आता "हे काय?" ती त्यांनाच विचारते.

*

मग मल्लेश्वरमला एका हॉलमध्ये वर्कशॉप होतं, 'तुमचं बाळ, उद्याचा वाचक' छापाचं. आम्ही तिन्ही घरं मेट्रोने गेलो. व्यासपीठावरच्या मॅडमनी सांगितलं की त्यांची मुलगी दीड वर्षाची असताना वाचायला लागली होती. हॉलमधल्या सगळ्या बायकांनी आपापल्या मुलांकडे रागाने पाहिलं.

ती मुलगी तिथेच पहिल्या रांगेत होती. आता दहा-बारा वर्षांची. चहाच्या वेळी मृणालने तिला कौतुकाने विचारलं, "आजकल क्या पढ़ती हो बेटा?"

"कुछ नहीं आंटी," ती म्हणाली. "मेरा पढ़ना हो गया."

मृणालने परत येताना मेट्रोतच पुढच्या बॅचला विहानचं नाव घातलं.

*

विहानच्या तिसऱ्या वाढदिवसाला सगळे जमलो होतो. पुण्याहून दोन्हीकडचे आजी-आजोबा आलेले. केक कापल्यावर कौस्तुभ उभा राहिला आणि म्हणाला, "आता विहान सगळ्यांना अख्खं पुस्तक वाचून दाखवणार आहे. रोज झोपताना मी वाचतो, त्यातूनच तो शिकला."

विहान खुर्चीत बसला. सशाचं चित्र असलेलं पुस्तक मांडीवर, ओळीखाली बोट.

"ससा जंगलात निघाला. वाटेत त्याला हत्ती भेटला."

निखिल पुढे वाकून बघायला लागला. बोट खरंच शब्दाशब्दावरून सरकत होतं. आजोबांनी चष्मा काढून डोळे पुसले. विहानने पान उलटलं.

"हत्ती म्हणाला, ससेभाऊ, कुठे चाललात? एक मिनिट हं राजा, फोन आहे."

बोट ओळीखालीच होतं. त्याने पुढचं पान उलटलं.

"हां सर, बोला ना. नाही नाही, फ्रीच आहे. मुलगा झोपतोय, काही प्रॉब्लेम नाही."

अजून एक पान.

"हो सर. हो सर. कुठे होतो रे आपण? जाऊ दे, उद्या वाचू हं. नक्की."

मग विहानने पुस्तक मिटलं, "संपली गोष्ट," म्हणाला आणि टाळ्यांची वाट बघत बसला.