स्वयंपाकघरातून येणारा शेवट

कवायतमास्तरांना मी फारसं ओळखत नव्हतो. ते वरच्या मजल्यावर, मी खालच्या. त्यांच्यापेक्षा छतातून झिरपणारा त्यांचा अकॉर्डियनच मला जास्त ठाऊक. म्हणून ते गेल्यावर त्यांच्याविषयी लिहावं की नाही, यातच बरेच दिवस गेले.

शाळेत मुलांच्या कवायतीला ते वाजवत आणि चाली स्वतःच बांधत. अडचण होती ती स्वयंपाकघरात. मास्तर नवी चाल अर्ध्यावर आणतात न आणतात, तोच वहिनी भांडी विसळता विसळता उरलेली अर्धी गुणगुणून मोकळ्या होत. अगदी बिनचूक.

"सुचत नसेल तर जुनंच वाजवा की," त्या आतून म्हणत. "उगाच नवं म्हणून कशाला फसवता?"

हे मास्तरांच्या जिव्हारी लागे. एकदा तरी हिला शेवट ओळखता येऊ नये, एवढीच त्यांची इच्छा. जुन्या बाजारातून त्यांनी दूरच्या कुठल्याशा बेटांवरच्या संगीताची तबकडी पैदा केली. त्यात पाचच सूर, तेही आपल्या सुरांच्या मधल्या फटीत दडून बसलेले. मास्तरांनी जुना अकॉर्डियन उघडला, आतल्या धातूच्या सूरपट्ट्या घासघासून ते पाच सूर त्यात बसवले आणि साक्षीदार म्हणून मला वर बोलावलं.

"नाना, तुम्ही फक्त स्वयंपाकघराकडे कान ठेवा."

चाल सुरू झाली. आधी मला दाढ दुखल्यासारखं झालं, मग हळूहळू बरं वाटू लागलं. आतली भांडी थांबली. गुणगुण नाही. वहिनी ओल्या हातांनी दारात आल्या.

"पुढे?"

मास्तरांचा चेहरा असा फुलला! पण भाता काही थांबेना. पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा तेच. शेवटी माझ्याकडे झुकून कुजबुजले, "संपवायचं कुठे, तेच कळेना हो. तबकडी इथेच अडकते."

वहिनींनी ऐकलं. हात पुसले, एक लांब सूर लावला आणि चाल निमूट घरी येऊन बसली.

"झालं? आता माझी नखांची कानस द्या."

तरी 'पुढे?' मिळालं ते मिळालंच. मास्तर बरेच दिवस शीळ घालत जिना चढायचे. शेवटचे दिसले तेही जिन्यातच, काखेत नवी तबकडी.

"नाना, आणखी एक बेट सापडलंय. कानस आहे का तुमच्याकडे?"

"आहे, पण बोथट झालीय."

"चालेल. फक्त वर हिला कळू देऊ नका."