कोमलचा फॉर्म

९ एप्रिल. वर्षाच्या तिखटासाठी मिरच्यांचे देठ काढायला बसलेय. हात कामात असले की बोलता येतं. हे आजवर कुणालाच सांगितलं नाही — नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही.

दहा वर्षं झाली. मी आणि धाकटी जाऊ कोमल, आष्ट्याहून एकाच एसटीने सांगलीला कॉलेजला जायचो. मी एम.ए.ला, ती बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. एका मॅडमनी पाहणीसाठी लग्न झालेल्या विद्यार्थिनींना फॉर्म दिले — माहेर कसं, संसारात समाधानी आहात का. नाव लिहायचं नव्हतं. मी सगळीकडे ‘पूर्ण समाधानी’वर खूण केली. खोटी. नवरा माझ्याशी ‘जेवायला वाढ’ याच्यापलीकडे काय बोलायचा?

फॉर्म द्यायच्या आदल्या संध्याकाळी कोमलला ताप भरला. तिनं आपला माझ्याकडे दिला. ‘‘मॅडमस्नी द्या, आक्का.’’

मी वाचला. वडील लोणंदच्या बाजारात हमाल. माझे साताऱ्यात सरकारी कारकून. खूण तिचीही ‘पूर्ण समाधानी’वरच — पण तिची खरी होती. दीर फौजेतून सुट्टीवर आला की तिच्या नोट्स उतरवत बसायचा. हमालाच्या पोरीला हे मिळावं, आणि मला नाही? — हो, अगदी याच शब्दांत वाटलं.

शेवटी तक्रारीची जागा होती. तिथं एकच ओळ. ‘सासूबाई माहेरी फोन करू देत नाहीत.’

तेवढीच ओळ मी सासूबाईंना वाचून दाखवली. त्या कोमलच्या खोलीकडे तोंड करून ओरडल्या.

‘‘घरातलं कागदावर लिवून कालेजात वाटती व्हय गं? बास झालं तुजं शिक्षान!’’ त्यांनी फॉर्म चुलीत घातला.

कोमल तापातच उठून आली. ‘‘आक्का, तुमी तरी सांगा की — नाव न्हाई त्यात.’’

माझं एक वाक्य पुरलं असतं. सासूबाई माझं ऐकायच्या. मी भाकरी थापत राहिले. परीक्षा तीन आठवड्यांवर होती. ती परीक्षा तिनं कधीच दिली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या एसटीने एकटीच गेले. शेजारच्या सीटवर पिशवी ठेवली. मॅडमनी विचारलं, कोमल कुठाय? म्हटलं, तिचं शिक्षणात मन लागत नाही. माझा फॉर्म दिला आणि पहिल्या तासाला जाऊन बसले.