सुके बोंबील आणि काउबॉय

डहाणूच्या बाजारात चिंचणीहून येणारी एक बाई सुके बोंबील विकायची. गिऱ्हाईक नसलं की मोबाईल टोपलीला टेकवून इटलीत बनलेले जुने काउबॉय सिनेमे बघायची. मीही त्या धुळकट सिनेमांचा वेडा, म्हणून एकदा विचारलं, "मावशी, भाषा कळते का?"

"नाय रे. पण ही मानसं गोळी झाडायच्या आधी किती वेळ नुसती बघतात! आपलं आधी तोंडच सुटतं."

एका सकाळी छपराखालच्या तिच्या रोजच्या जागेवर एक नवीच मुलगी मासळी मांडून बसली होती. आता भांडण होणार म्हणून शेजारच्या बायका हातातलं काम टाकून बघू लागल्या. मावशी डोक्यावरची टोपली न उतरवता उभी राहिली. मुलीनं नजर हटवली नाही. मावशी बराच वेळ तिच्याकडे बघत राहिली.

मग हळूच म्हणाली, "कितवा महिना?"

"सातवा," मुलगी म्हणाली आणि रडायलाच लागली.

"बस तू. इथं सावली हाय."

मावशीनं समोर उन्हात टोपली उतरवली आणि पदर डोक्यावर ओढून घेतला.