चाळीस नंबरचा माणूस

कारखान्यात त्याला नावाने कुणी हाक मारत नसे. दारावरच्या पहारेकऱ्यापासून थेट मालकांपर्यंत सगळे त्याला ‘चाळीस’ म्हणत. हे वय नव्हे, छातीचं माप.

पुरुषांचे तयार कपडे शिवणारा तो कारखाना. अठरा वर्षांपूर्वी तो तिथे बटणांच्या गोदामात कारकून म्हणून लागला. दुसऱ्याच महिन्यात कपड्यांचे आराखडे आखणारे मास्टर बटणं निवडायला आले आणि जाता जाता, का कोण जाणे, त्यांनी गळ्यातली टेप काढून त्याच्याभोवती फिरवली. छाती चाळीस, कंबर चौतीस, खांदा अठरा. मास्टरांनी चष्मा पुसून पुन्हा मोजलं.

‘‘अरे, तू माणूस आहेस की मापांचा तक्ता?’’

तेव्हापासून दर मंगळवारी आणि शुक्रवारी गोदामाला कुलूप लावून तो नमुन्यांच्या खोलीत जाई आणि आरशासमोरच्या बुटक्या चौथऱ्यावर उभा राही. नवा शर्ट असो, पँट असो, कोट असो, आधी त्याच्या अंगावर चढे. त्याला बसला की मग तसे हजारो शिवले जात. आणि तो नुसता खुंटीसारखा उभा राहणाऱ्यांतला नव्हता. बसून बघे, वाकून बघे, हात वर करून बघे. ‘‘मास्टर, मुंढ्यात ओढतंय,’’ म्हणाला की मास्टर एका शब्दाने वाद न घालता काखेची शिवण उसवायला घेत. या एका गोष्टीचा त्याला मनातून फार अभिमान होता.

पण माप होऊन राहणं म्हणजे काही गंमत नव्हती. मेहुणीच्या लग्नात तो अर्ध्या ताटावरून उठला, तर सासरच्या मंडळींना वाटलं, जावईबापू रुसले. सासरे हात जोडून उभे! बायकोने अर्धा तास समजूत घातली, तेव्हा कुठे त्यांच्या जिवात जीव आला. घरी आल्यावर ती म्हणाली, ‘‘माझ्या हातचं पोटभर जेवलेलं मी तुम्हाला एकदाही पाहिलेलं नाही. त्या मास्टरांशीच लग्न करायचं होतंत.’’

त्यात फॅशन. अंगाला चिकटणाऱ्या पँटींची लाट आली तेव्हा त्याला कंबर दोन इंच उतरवायला सांगितलं. तो चार महिने काकडी चावत पायी कामावर गेला. त्या पँटी अशा की काढताना त्याने खाली बसायचं आणि दोघांनी पायचे ओढायचे. मग दंड फुगवलेल्या पुरुषांचे दिवस आले. छाती बेचाळीस हवी म्हणाले. चाळिशी ओलांडलेला हा गृहस्थ व्यायामशाळेत जाऊन लोखंड उचलू लागला. केस विंचरायला हात डोक्यापर्यंत जाईना. छाती बेचाळीसवर पोचते न पोचते तोच ढगळ शर्ट निघाले, एकात दोन माणसं मावतील असे. आता छातीशी कुणाला कर्तव्यच उरलं नाही. ती बिचारी आपली आपण उतरली. लोकांना फॅशनपायी कपडे बदलावे लागतात. याला दर खेपेला अंग बदलावं लागे.

मग नव्या डिझायनर मॅडम आल्या. कामसू होत्या, आवाज गोड होता. चौथऱ्याभोवती दोन चकरा मारून त्या म्हणाल्या, ‘‘तुम्ही फारच आखीव आहात हो. आता खऱ्या माणसाचे कपडे चालणार आहेत. जरा पोट असलेला, ऐसपैस बसणारा माणूस.’’

‘‘म्हणजे?’’

‘‘म्हणजे कंबरेला तीन इंच वाढवायचे. सहा आठवडे आहेत. जमेल ना?’’

त्याने मास्टरांकडे पाहिलं. मास्टर एकेक टाचणी डबीत टाकण्यात गर्क झाले होते.

घरी बायकोला आधी ही थट्टाच वाटली. खरं आहे हे पटल्यावर तिने पदर खोचला. सकाळी तूप, दुपारच्या डब्यात तूप, संध्याकाळी काहीतरी गोड, झोपताना साय घातलेलं दूध. पहिले तीन दिवस तो अधाशासारखा जेवला. पाचव्या दिवशी घास घशाखाली उतरेना. छातीत जळजळ, करपट ढेकरा. कॉलेजात जाणारी लेक म्हणाली, ‘‘बाबा, आख्खं जग बारीक व्हायला धडपडतंय आणि तुमचं भलतंच.’’ तिसऱ्या आठवड्यात मास्टरांनी टेप लावली तेव्हा अर्धा इंच भरला. पाचव्यात दीड.

मॅडमनी मान वाकडी करून निरखलं. ‘‘पोट समोर हवं होतं. हे तर बाजूंना गेलंय.’’

‘‘कुठे जायचं ते मला विचारून जात नाही, मॅडम.’’

खोलीत हशा पिकला. तो हसला नाही.

सहाव्या आठवड्यात मॅडम कुठल्याशा मोठ्या प्रदर्शनाला जाऊन आल्या. मंगळवारी टेबलावर फोटो पसरले होते: उंच कंबरेच्या सरळसोट पँटी, आत घट्ट खोवलेले शर्ट, पोटाचा मागमूस नाही. तो चौथऱ्यावर, ऐसपैस पँटीत, ठिकठिकाणी टाचण्या लावलेला.

‘‘ढगळ संपलं आता,’’ मॅडम म्हणाल्या.

‘‘मग हे?’’ त्याने स्वतःच्या कुशीवर हात ठेवला.

‘‘ते तेवढं उतरवा. महिनाभर आहे.’’

फळीवरचं खोकं उतरवायला सांगावं तसं त्या म्हणाल्या. अठरा वर्षांचं किती काय त्याच्या घशाशी आलं. त्यातून बाहेर पडले दोनच शब्द.

‘‘नाही जमणार.’’

‘‘मग आम्हाला दुसरं कुणी बघावं लागेल.’’

‘‘बघा!’’

तो तरातरा निघाला. जिन्यापर्यंत गेला तेव्हा मांडीला टाचणी बोचली. अंगात नमुन्याचीच पँट होती. निमूट परत येऊन, पडद्याआड कपडे बदलून, पँटीची घडी टेबलावर ठेवून त्याला पुन्हा सगळ्यांसमोरून बाहेर पडावं लागलं. या वेळी तरातरा जाणं काही जमलं नाही.

घरी सगळं ऐकून बायको म्हणाली, ‘‘बरं झालं.’’

‘‘बरं काय झालं? अठरा वर्षं घातली मी त्यात!’’

‘‘बरं, चिडू नका. आज किती वाढू ते सांगा. कमी की जास्त?’’

त्याने ताट पुढे ओढलं खरं, पण आपल्याला भूक किती असते हेच त्याला ठाऊक नव्हतं. ती आजवर नेहमी दुसऱ्याच कुणीतरी ठरवली होती. याचाही त्याला इतका राग आला की तो पाणी पिऊन उठला.

तो पूर्ण वेळ बटणांच्या गोदामात परतला आणि चौथऱ्यावर त्याच्या जागी माल रवाना करण्याच्या खात्यातला एक शेलाटा गृहस्थ उभा राहू लागला. काहीही चढवा, तो म्हणे, ‘‘एकदम मस्त!’’

महिन्याभराने मास्टर हातावर कोट टाकून गोदामात आले.

‘‘जरा घाल.’’

‘‘माझं काम नाही ते आता.’’

‘‘माहीत आहे. घाल.’’

त्याने घातला. दीड इंच अजून मुक्कामाला होता, त्यामुळे बटण लागेना. पण हात वर करताच त्याला कळलं. ‘‘मुंढा खोल हवा, मास्टर. हात उचलला की आख्खा कोट वर येतोय. बसमध्ये दांडी धरायची तर माणसाने काय करायचं?’’

‘‘मी हेच म्हटलं. मॅडम म्हणाल्या, फोटोत हात खालीच असतात.’’

‘‘मग मला कशाला घालायला लावलात?’’

मास्टरांनी कोट काढून घेतला, बाही सारखी केली. ‘‘मला वाटलं, मीच म्हातारा झालो म्हणून मला तसं दिसतंय,’’ ते म्हणाले आणि गेले.

त्याच आठवड्यात त्या कोटाच्या सहा हजार नगांसाठी बटणांची चिठ्ठी त्याच्या टेबलावर आली. मुंढा होता तसाच. पुढे तीन बटणं, बाह्यांना चार-चार, आत एक जादा. दातओठ खात त्याने मोजायला घेतलं. मध्येच आकडा चुकला, तेव्हा सगळी बटणं पुन्हा ओतून त्याने पहिल्यापासून सुरुवात केली.